वेदीसेवकांची घडण : संयुक्त अरब अमिरातीतील धर्मग्रामांसाठी मार्गदर्शन

मिस्सेच्या वेळी धर्मगुरूला वेदीपाशी साहाय्य करणाऱ्या प्रापंचिक व्यक्तीला, म्हणजे गुरुदीक्षा न घेतलेल्या श्रद्धावंताला, वेदीसेवक म्हणतात. जगभरच्या कॅथलिक धर्मग्रामांत हे काम बहुधा शाळकरी मुले करतात आणि ती मोठ्यांचे पाहून ते शिकतात. वसईच्या एखाद्या गावात, जिथे मूल त्याच चर्चमध्ये स्नानसंस्कार घेते, तिथेच वाढते आणि थोरल्या भावाच्या मागोमाग वेदीवर उभे राहते, तिथे ही पाहून शिकण्याची रीत पुरेशी ठरू शकते. संयुक्त अरब अमिरातीत मात्र ती अपुरी पडते, कारण येथील धर्मग्राम अनेक देशांच्या स्थलांतरितांचा बनलेला असतो, एकाच दिवशी अनेक भाषांत मिस्सा होतात आणि वडिलांची नोकरी बदलली की अख्खे कुटुंब दुसऱ्या अमिरातीत किंवा मायदेशी जाते. म्हणून येथील प्रशिक्षण लेखी आणि टप्प्याटप्प्याचे असावे लागते, आणि त्यात शब्दांच्या पाठांतरापेक्षा कृतीच्या क्रमावर व अर्थावर भर द्यावा लागतो. हा क्रम रोमन विधीत सर्वत्र एकच असल्यामुळे तो नीट उमजलेले मूल कोणत्याही भाषेतील मिस्सेत आणि पुढे कोणत्याही देशात सेवा करू शकते.

स्थानिक चौकट

अमिरातीतील कॅथलिक समाज दक्षिण अरेबियाच्या अपोस्टॉलिक व्हिकारिएटमध्ये मोडतो. ज्या प्रदेशात पूर्ण धर्मप्रांत अद्याप स्थापन झालेला नाही आणि जेथील बिशप पोपमहोदयांच्या नावाने कारभार पाहतात, अशा प्रदेशाला व्हिकारिएट म्हणतात. अमिरातीबरोबरच ओमान आणि येमेन हे देशही याच व्हिकारिएटमध्ये येतात. त्याचे मुख्यालय अबू धाबीच्या सेंट जोसेफ कॅथेड्रलमध्ये असून २०२२ पासून कॅपुचिन संघाचे बिशप पाओलो मार्टिनेल्ली त्याची धुरा वाहत आहेत. अबू धाबी आणि दुबई या दोन्ही ठिकाणची पहिली कॅथलिक चर्चे १९६० च्या दशकात तेथील राज्यकर्त्यांनी दिलेल्या जागांवर उभी राहिली. दुबईचे सेंट मेरीज १९६७ मध्ये सुरू झाले. पुढे जेबेल अलीचे सेंट फ्रान्सिस, शारजाचे सेंट मायकल, रास अल खैमाचे सेंट अँथनी, मुसफ्फाचे सेंट पॉल अशी चर्चे झाली. चर्चची संख्या मर्यादित आणि श्रद्धावंतांची संख्या मोठी असल्यामुळे प्रत्येक चर्चमध्ये मिस्सांची संख्या खूप असते, आणि त्या प्रमाणात वेदीसेवकही अधिक लागतात.

या चौकटीचे दोन परिणाम प्रशिक्षकाने आरंभीच ध्यानात घ्यावेत. पहिला परिणाम वेळापत्रकाचा आहे. १ जानेवारी २०२२ पूर्वी देशाची साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी असे आणि शुक्रवारच्या मिस्सांना मोठी गर्दी होत असे. त्यानंतर शनिवार-रविवार ही सुट्टी झाली, शुक्रवार अर्ध्या दिवसाचा झाला आणि शारजाने मात्र शुक्रवार ते रविवार अशी तीन दिवसांची सुट्टी ठरवली. त्यामुळे दुबईत शाळा आणि शारजात घर असलेल्या मुलाची पाळी लावताना त्याच्या शाळेची सुट्टी आणि पालकांची सुट्टी या दोन्ही वेगवेगळ्या विचारात घ्याव्या लागतात. दुसरा परिणाम जागेचा आहे. मिरवणुका, क्रूसाच्या वाटेची भक्ती आणि नाताळच्या रात्रीची उघड्यावरील मिस्सा हे सर्व चर्चच्या आवारातच होते, म्हणून दाटीतून मेणबत्ती व क्रूस सांभाळत चालण्याचा सराव आवारातच आणि प्रत्यक्ष मार्गावर करून घेणे आवश्यक ठरते.

निवड आणि संमती

चर्चच्या कायद्याने वेदीसेवकासाठी किमान वय ठरवून दिलेले नाही. तथापि प्रथम कम्युनियन झालेल्या मुलामुलींना घेण्याची रूढी सर्वत्र आहे आणि ती योग्यही आहे, कारण ज्या संस्काराची सेवा करायची तो स्वतः स्वीकारलेला असणे हा या कामाचा पाया होय. मुलींच्या बाबतीत १९९४ साली उपासनाविषयक रोमन मंडळाने असे स्पष्ट केले की, बिशपांनी आपल्या कार्यक्षेत्रात परवानगी दिल्यास मुलीही वेदीसेवा करू शकतात. २००४ च्या 'रिदेम्प्शनिस साक्रामेंतुम' या सूचनापत्राने हा निर्णय बिशपांकडेच ठेवला. म्हणून प्रशिक्षकाने आपल्या प्रमुख धर्मगुरूंना विचारूनच नावनोंदणी जाहीर करावी आणि नंतर कोणाला परत पाठवण्याची वेळ येऊ देऊ नये.

वेदीसेवक आणि स्थापित अकोलाइट यांतील फरक पालकांनाही समजावून द्यावा. १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी जुनी कनिष्ठ दीक्षापदे रद्द करून वाचक आणि अकोलाइट ही दोन प्रापंचिकांना देता येणारी सेवापदे निर्माण केली, आणि २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ती स्त्रियांनाही खुली केली. ही पदे बिशप विधिपूर्वक देतात आणि ती कायमची असतात. वेदीवर सेवा करणारे शाळकरी मूल अकोलाइट नसते. त्यामुळे कम्युनियन वाटणे आणि कम्युनियननंतर चषक धुऊन स्वच्छ करणे ही कामे त्याच्याकडे येत नाहीत. ही मर्यादा पहिल्याच दिवशी सांगितली, तर पुढे अतिउत्साहाने होणाऱ्या चुका टळतात.

नावनोंदणीच्या अर्जावर पालकांची लेखी संमती, मुलाची शाळा, परीक्षांचा काळ, घरून चर्चपर्यंत येण्याची सोय आणि तब्येतीच्या तक्रारी, विशेषतः दमा व धुराची ॲलर्जी, यांची नोंद असावी. धूपदान हाताळणाऱ्या मुलाला दमा असल्याचे ऐन सणाच्या दिवशी कळणे ही प्रशिक्षकाची हेळसांड होय.

पहिला टप्पा : जागा आणि वस्तू

प्रशिक्षणाची सुरुवात रिकाम्या चर्चमध्ये करावी. वेदी, वाचनपीठ, धर्मगुरूंचे आसन, पवित्र साक्रामेंत ठेवलेला मंजुषा-कक्ष, साहित्य मांडण्याचे बाजूचे मेज आणि वस्त्रागार या जागांची ओळख मुलांना चालवत नेऊन करून द्यावी, आणि प्रत्येक जागी तिथे काय घडते हे एका वाक्यात सांगावे. त्यानंतर वस्तूंची ओळख येते : द्राक्षारसाचा चषक, भाकर ठेवण्याची पाटेन ही तबकडी, वाटण्याच्या भाकरीचे झाकणदार पात्र म्हणजे सिबोरियम, पाणी व द्राक्षारसाच्या दोन सुरया, वेदीवर पसरण्याचे चौकोनी कॉर्पोरल, चषक पुसण्याचे पुरीफिकेटर, चषकावर ठेवण्याचे ताठ चौकोनी झाकण आणि प्रार्थनांचा मोठा ग्रंथ मिसाल. ही नावे चर्चच्या वस्त्रागारात ज्या रूपात वापरली जातात त्याच रूपात शिकवावीत, कारण केरळच्या, मंगळुरूच्या, फिलिपिन्सच्या आणि वसईच्या मुलांना एकाच पाळीत उभे राहायचे असते आणि घाईच्या वेळी समान शब्द नसला की गोंधळ होतो.

सरावासाठी वापरायच्या भाकरी कधीही अभिमंत्रित केलेल्या नसाव्यात आणि सुरयांत साधे पाणी असावे. मुलांना पात्रे हाताळू द्यावीत. ज्या वस्तूला कधी हात लावला नाही तिची भीती वाटते आणि भीतीने हात थरथरतो.

दुसरा टप्पा : शरीराची शिस्त

वेदीसेवकाची बहुतेक भाषा त्याच्या उभे राहण्यात आणि चालण्यात असते. हात जोडून उभे राहणे, मोकळा हात छातीवर ठेवणे, वळताना घाई न करणे आणि दोघांनी बरोबर चालताना पावले जुळवणे यांचा सराव स्वतंत्रपणे घ्यावा. नमनाचे दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत : वेदीला कमरेतून खोल वाकून केलेले नमन आणि पवित्र साक्रामेंतापुढे उजवा गुडघा जमिनीला टेकवून केलेले वंदन. रोमन मिसालच्या सामान्य सूचनांनुसार मंजुषा वेदीच्या परिसरातच असेल, तर सेवकांनी वेदीकडे येताना व तेथून जाताना गुडघा टेकावा, मात्र मिस्सा चालू असताना प्रत्येक येण्याजाण्याला तसे करू नये. आणि ज्याच्या हातात क्रूस किंवा मेणबत्ती आहे त्याने केवळ मस्तक झुकवावे. हा शेवटचा नियम माहीत नसल्यामुळे जड क्रूस हातात असताना गुडघा टेकण्याच्या प्रयत्नात तोल गेलेली मुले कुठल्याही धर्मग्रामात सापडतात.

प्रवेशमिरवणुकीचा क्रमही याच टप्प्यात पक्का करावा : सर्वांत पुढे धूपदान असल्यास धूपवाहक, त्यामागे क्रूसवाहक आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मेणबत्तीवाहक, मग इतर सेवक, शुभवर्तमानाचा ग्रंथ घेतलेला वाचक आणि शेवटी धर्मगुरू.

तिसरा टप्पा : मिस्सेतील कामे

मिस्सेचे दोन मोठे भाग होतात, शब्दविधी आणि ख्रिस्तयागविधी. शब्दविधीत सेवकांचे काम थोडे असते : प्रार्थनेच्या वेळी मिसाल समोर धरणे आणि शुभवर्तमानाच्या वाचनाला मेणबत्त्या घेऊन वाचनपीठाच्या बाजूंना उभे राहणे. खरी परीक्षा अर्पणाच्या वेळी होते, म्हणून तो भाग सर्वांत जास्त वेळा घोटून घ्यावा. वेदीवर आधी कॉर्पोरल पसरले जाते, मग पुरीफिकेटर, चषक व मिसाल येतात आणि लोकांनी आणलेली दाने स्वीकारली जातात. दोन सेवक वेदीच्या बाजूला येतात तेव्हा एकाच्या हातात द्राक्षारसाची आणि दुसऱ्याच्या हातात पाण्याची सुरई असते. दोघांनीही झाकणे मेजावरच काढून ठेवलेली असावीत आणि सुरईचा कान धर्मगुरूकडे वळवलेला असावा, म्हणजे त्यांना ती हात न फिरवता सहज धरता येते. द्राक्षारस व पाणी चषकात धर्मगुरूच घालतात, सेवक ओतत नाही. हात धुण्याच्या वेळी एका सेवकाने उजव्या हातात पाण्याचा गडू व डाव्या हातात पसरट पात्र धरावे आणि दुसऱ्याने टॉवेल पूर्ण उलगडून द्यावा. घडी घातलेला टॉवेल ओल्या बोटांना उघडावा लागतो आणि तेवढ्या वेळात प्रार्थना अडते. काम झाल्यावर दोघांनी मिळून नमन करावे आणि मगच वळावे.

घंटा कधी वाजवायची हे शिकवताना शब्दांवर विसंबू नये, कारण सकाळी इंग्रजी मिस्सेला सेवा करणारा मुलगा संध्याकाळी तागालोग, कोकणी किंवा मराठी मिस्सेलाही उभा राहू शकतो. धर्मगुरू भाकर व द्राक्षारसावर दोन्ही हात पसरतात तो पहिला संकेत. ते ख्रिस्तशरीर लोकांना दाखवण्यासाठी उंच धरतात तो दुसरा. चषक उंच धरतात तो तिसरा. स्थानिक रूढीनुसार घंटेची संख्या कमीजास्त असू शकते, पण हे हातांचे संकेत कोणत्याही भाषेत बदलत नाहीत. येथे एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे : सिरो-मलबार, सिरो-मलंकार आणि मारोनाइट ही कॅथलिक चर्चमधीलच पौर्वात्य विधीची चर्चे आहेत आणि त्यांच्या उपासनेचा क्रम रोमन मिस्सेहून वेगळा आहे. मल्याळम भाषेतील एखादी उपासना यांपैकी कोणत्या विधीची आहे हे प्रशिक्षकाने आधी विचारून घ्यावे आणि त्या उपासनेसाठी वेगळे शिकलेले सेवकच द्यावेत.

चौथा टप्पा : धूप, सण आणि बिशपांची मिस्सा

धूपदानाचे काम अनुभवी आणि वयाने मोठ्या मुलांनाच द्यावे. सराव आधी निखाऱ्याशिवाय, रिकाम्या धूपदानाने घ्यावा. एका हाताने साखळीचे वरचे टोक छातीशी धरून दुसऱ्या हाताने झाकणाजवळची साखळी पकडणे आणि मनगटाच्या हालचालीने ते हेलकावणे जमले की मग कोळसा पेटवावा. कोळसा मिस्सेच्या सुमारे दहा मिनिटे आधी, चिमट्यात धरून, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली आणि नेमून दिलेल्या मोकळ्या जागी पेटवावा, कारण बंद वातानुकूलित खोलीत धुराची सूचना देणारी यंत्रे वाजू लागतात. धूपदान शेवटी वाळूच्या पात्रातच रिकामे करावे. अर्पण, वेदीचा क्रूस, शुभवर्तमानाचा ग्रंथ, धर्मगुरू आणि लोक यांना प्रत्येकी तीन वेळा धूप दाखवतात, संतांच्या मूर्तींना व अवशेषांना दोन वेळा. हे अंक नुसते पाठ करून घेऊ नयेत, तर धूप हे आदराचे व वर चढणाऱ्या प्रार्थनेचे चिन्ह आहे हेही सांगावे. भारतातील उपासनेत परवानगी असलेली आरती ज्या मराठी मुलांनी पाहिली आहे, त्यांना हा आदर चटकन उमगतो.

पवित्र आठवड्याची तालीम स्वतंत्र घ्यावी. पवित्र गुरुवारच्या महिमास्तोत्रानंतर घंटा थांबतात आणि पुनरुत्थान जागरणाच्या महिमास्तोत्रापर्यंत त्या वाजत नाहीत. अनेक ठिकाणी या काळात लाकडी टाळी वापरतात. शुभ शुक्रवारी मिस्सा होत नाही, त्यामुळे नेहमीचा क्रम पाठ असलेले मूल त्या दिवशी हमखास चुकते. बिशप येतात तेव्हा त्यांचा मायटर, म्हणजे उंच शिरोवस्त्र, आणि मेंढपाळाची काठी सांभाळणारे दोन सेवक लागतात. ते खांद्यावरून घेतलेल्या वस्त्रातून या वस्तू धरतात, उघड्या हाताने नव्हे. ५ फेब्रुवारी २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अबू धाबीच्या झायेद स्पोर्ट्स सिटीत अर्पण केलेल्या मिस्सेसारखे प्रसंग क्वचितच येतात, पण बिशपांची भेट आणि दृढीकरण संस्कार दरवर्षी ठरलेले असतात, आणि त्यांची तयारी आठवडाभर आधी सुरू करणे हिताचे असते.

आरोग्य आणि सुरक्षितता

कम्युनियनपूर्वी एक तास अन्न न घेण्याचा नियम आहे, परंतु पाणी आणि औषध यांनी तो मोडत नाही, हे अनेक पालकांना माहीत नसते. उन्हाळ्यात बाहेरच्या तीव्र उन्हातून थेट थंड चर्चमध्ये येऊन, जाड वस्त्र घालून दीर्घकाळ उभे राहणाऱ्या मुलाने एक तासाहून आधी हलके खाल्लेले असावे आणि पाणी भरपूर प्यालेले असावे. उभे राहताना गुडघे ताठ आवळून ठेवू नयेत, आणि भोवळ येऊ लागल्यास निमूटपणे आसनावर बसावे, त्यात अनादर नाही, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावे.

बालसंरक्षणाच्या बाबतीत येथे चर्चचे नियम आणि देशाचा कायदा दोन्ही लागू होतात. बालहक्कांविषयीचा अमिरातीचा २०१६ चा संघीय कायदा, जो वदीमा कायदा म्हणून ओळखला जातो, मुलांची हेळसांड व छळ यांविरुद्ध संरक्षण देतो. कोणतीही तालीम दोन प्रौढांच्या उपस्थितीत व्हावी, वस्त्रागाराचे दार उघडे राहावे आणि एखाद्या मुलाला एकट्याला थांबवून ठेवू नये. पालकांच्या संमतीशिवाय मुलांची छायाचित्रे काढू किंवा समाजमाध्यमांवर टाकू नयेत. खासगीपणाच्या भंगाबद्दल या देशात कडक शिक्षा आहे. संदेश मुलांना थेट न पाठवता पालकांच्या गटावर पाठवावेत.

पाळ्या, निरोप आणि वारसा

नवीन मुलाला काही आठवडे अनुभवी सेवकाबरोबर जोडीने उभे करावे आणि मगच स्वतंत्र पाळी द्यावी. जुलै-ऑगस्टमध्ये शाळा बंद होऊन बरीच कुटुंबे मायदेशी जातात, म्हणून मागे राहणाऱ्यांची यादी जूनआधीच तयार हवी. २५ डिसेंबर ही येथे सार्वजनिक सुट्टी नसल्यामुळे आणि काही शाळांचे वेळापत्रक भारतीय, काहींचे ब्रिटिश असल्यामुळे नाताळच्या पाळ्या शाळानिहाय विचारून लावाव्यात. रमझानच्या काळात चर्चबाहेर वावरताना उपवास करणाऱ्यांचा मान राखण्याची सवयही याच शिस्तीचा भाग मानावी.

वेदीसेवेमागची श्रद्धा सांगण्यासाठी संतांची चरित्रे उपयोगी पडतात. तिसऱ्या शतकात रोममध्ये ख्रिस्तशरीर नेत असताना प्राण गमावलेला तार्सिसियस आणि १६२१ मध्ये तरुणपणीच वारलेला जॉन बर्खमन्स हे वेदीसेवकांचे आश्रयदाते मानले जातात. मराठी मुलांना मात्र वसईत जन्मलेले आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया अधिक जवळचे वाटतील; तेही परदेशात गेले, तेथील भाषा शिकले आणि धर्मगुरू नसताना मिशनऱ्यांच्या सेवेत राहिले.

सेवा सोडून जाणाऱ्या मुलाला प्रमुख धर्मगुरूंच्या सहीचे पत्र द्यावे आणि त्यात त्याने कोणती कामे शिकली आहेत हे नेमके लिहावे : क्रूस, मेणबत्ती, अर्पण, घंटा, धूप. असे पत्र घेऊन ते मस्कतला, पुण्याला किंवा टोरांटोला गेले, तर तेथील धर्मगुरूंना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. प्रशिक्षकाची नोकरीही मुलांच्या पालकांच्या नोकरीइतकीच अस्थिर असते. म्हणून प्रत्येक टप्प्याची टिपणे, वस्तूंची यादी, सणांच्या तालमींचा क्रम आणि संमतीपत्रांची नोंदवही वस्त्रागारात ठेवावी, आणि थोरल्या सेवकांपैकी दोघांना दरवर्षी नवशिक्यांना शिकवायला लावावे. प्रशिक्षक बदलूनही पुढच्या रविवारची पाळी न चुकता लागली, तर त्या धर्मग्रामातील वेदीसेवेचे काम खऱ्या अर्थाने मार्गी लागले असे समजावे.